दूधप्रकल्पाचे सांडपाणी : ईटीपी दुप्पट करावी, की गटारात जाणारे दूध आधी अडवावे?

माळरान

नमस्कार. आमचा सातारा जिल्ह्यात एक मध्यम आकाराचा खासगी दूधप्रकल्प आहे. रोज सुमारे २०,००० लिटर दूध येते. त्यातील बहुतेक दूध पाश्चराइज करून पिशवीतून विकले जाते, अंदाजे २,००० लिटरचे पनीर होते आणि सणासुदीला थोडा चक्का लावला जातो. रोजचे सांडपाणी ५० ते ५५ घनमीटर आहे. ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, आधी फॅट अडवणारा फॅट ट्रॅप, मग कमी-जास्त येणारे पाणी एकत्र करणारी समतोल टाकी, जिवाणूंना हवा देणारी एअरेशन टाकी, गाळ खाली बसवणारा क्लॅरिफायर आणि शेवटी वाळूचा फिल्टर अशी रचना आहे. बीओडी (पाण्यातील घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) १,००० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि पाणी रोज ५० घनमीटर धरून तिचे संकल्पन झाले होते.

पहिली तीन वर्षे सर्व सुरळीत चालले. पनीर सुरू झाल्यानंतर मात्र समतोल टाकीला आंबूस, कुजकट वास येऊ लागला, एअरेशन टाकीवर पांढरा फेस राहू लागला आणि क्लॅरिफायरमध्ये स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, बसेनासा झाला. शेवटच्या दोन अहवालांत बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर गेला आहे. आमच्या सल्लागारांनी तेवढ्याच आकाराची दुसरी एअरेशन टाकी आणि दुसरा ब्लोअर सुचवला आहे. खर्च मोठा आहे, म्हणून निर्णयापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

जलाभियंता

टाकी किती मोठी हवी हा प्रश्न दुसरा आहे. टाकीत रोज किती किलो बीओडी येतो, हे आधी मांडू या. मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आकड्यात बुडून गेले की किलोचा हिशोब सुटतो, आणि सूक्ष्मजीवांना किलोच कळतात.

एक लिटर दुधाचा बीओडी ढोबळमानाने १,००,००० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम असतो. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असल्यामुळे तो याहूनही अधिक भरतो. आपल्याकडे येणाऱ्या २०,००० लिटरपैकी २ टक्के दूध टँकरच्या तळाशी, पाइपमध्ये, फुटलेल्या पिशव्यांत आणि धुण्यात जाते असे धरले, तर ४०० लिटर दूध म्हणजे ४० किलो बीओडी होतो. आपली ईटीपी ५० किलोसाठी बांधलेली आहे, त्यामुळे इथपर्यंत ती पुरत होती.

आता पनीर घ्या. २,००० लिटर दुधातून १,६०० लिटरच्या आसपास व्हे, म्हणजे पनीर फोडल्यावर उरणारी निवळी, निघतो. त्याचा बीओडी ३०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम प्रतिलिटर असतो. आपण ३५,००० धरले तरी एकट्या व्हेचे ५६ किलो होतात. आपण लिहिले नाही, पण व्हे गटारात सोडला जात असावा असा माझा कयास आहे. तसे असल्यास आपली ईटीपी रोज ९५ किलोंहून अधिक भार ओढते आहे. माणशी दररोज ४५ ते ५४ ग्रॅम बीओडी सांडपाण्यात जातो असे धरले जाते, त्या हिशोबाने आपल्या प्रकल्पाचे सांडपाणी दोन हजार वस्तीच्या गावाएवढे झाले.

माळरान

कयास अचूक आहे. व्हे मोरीतूनच जातो. सुरुवातीला आसपासचे दोन गोठेवाले तो नेत असत, पुढे त्यांनी बंद केले.

दूधतंत्रज्ञ

मग सल्लागारांनी सुचवलेली दुसरी टाकी कागदावर बरोबरच आहे, कारण ५० चे १०० किलो होतील. पण त्या टाकीचे पुढे काय होणार हे पाहावे. व्हेचे ५६ किलो बीओडी हवेने जाळायचे तर दीर्घ एअरेशनमध्ये प्रतिकिलो साधारण दीड किलो प्राणवायू लागतो, आणि प्रत्यक्ष कामात एका युनिटमागे सव्वा किलोच्या आसपास प्राणवायू पाण्यात उतरतो. म्हणजे रोज ६५ ते ७० युनिट वीज केवळ व्हेसाठी. त्यातून प्रतिकिलो ०.४ किलो या हिशोबाने रोज २२ किलो कोरडा स्लज वाढेल, आणि क्लॅरिफायरमधून निघणारा स्लज एक टक्का घनतेचा असतो, त्यामुळे तो २,२०० लिटर पातळ स्लज होईल. १,६०० लिटर व्हे नको म्हणून एवढी यंत्रणा उभी करायची आणि तिच्यातून २,२०० लिटर स्लज उपसायचा, हा व्यवहार मला तरी पटत नाही. स्लज वाळवण्याच्या वाफ्यांची जागाही त्याच हिशोबात धरावी लागेल, आणि पावसाळ्यात ते वाफे वाळत नाहीत हे वेगळे सांगायला नको.

व्हे ईटीपीत येऊच नये, हे पहिले. उरलेल्या ४० किलोंकडे मात्र दुर्लक्ष करू नका. चांगल्या चालवलेल्या प्रकल्पात दुधाची हानी एक टक्क्याच्या आत ठेवता येते. टँकर रिकामा झाल्यावर तो उतारावर काही मिनिटे उभा ठेवून तळाचे दूध निथळू द्यावे. पाश्चरायझरमधून दूध बाहेर काढताना पाणी आणि दूध यांचे मिश्रण निघते, ते थेट मोरीत न सोडता वेगळ्या टाकीत घ्यावे. धुण्याचे पहिले पाणी सर्वांत पांढरे असते. त्यात दूध असते, रसायन नसते, त्यामुळे तेवढे स्वतंत्र साठवले तर पशुखाद्यात जाऊ शकते. पिशवी पॅकिंगच्या यंत्राखाली ट्रे ठेवावा, आणि फुटलेल्या पिशव्या मोरीवर कापण्याची पद्धत बंद करावी. हे सर्व जुनेच उपाय आहेत, परंतु पाळीवरच्या माणसाला रोजच्या हानीचा आकडा कुणी विचारत नसेल, तर ते फलकावरच राहतात. येणाऱ्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून दुधातील इतर घनपदार्थ) किलोमध्ये व जाणाऱ्या मालाचे फॅट आणि एसएनएफ किलोमध्ये दररोज मांडा. फरक गटारात गेला असे समजा.

तपासनीस

मी एका प्रयोगशाळेत काम करते. धागाकर्त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात : एअरेशन टाकीतील एमएलएसएस, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंच्या गाळाचे प्रमाण, किती आहे, आणि एक लिटरच्या मोजपात्रात अर्ध्या तासात स्लज किती मिलिलिटरपर्यंत बसतो?

माळरान

ताई, एमएलएसएस ३,००० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. मोजपात्रात स्लज ९५० च्या खाली येत नाही.

तपासनीस

९५० ला ३,००० ने भागून १,००० ने गुणले की स्लज व्हॉल्यूम इंडेक्स ३१५ च्या पुढे येतो. १५० च्या वर गेला की स्लज फुगला असे म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तंतुमय जिवाणू गोळ्यांच्या बाहेर आलेले दिसतील. त्यांच्या जाळ्यात पाणी अडकते, म्हणून स्लज जड असूनही बसत नाही आणि क्लॅरिफायरच्या काठावरून वाहून जातो. आपल्या अहवालातील बीओडीचा बराच भाग हा वाहून गेलेला स्लजच असण्याचा संभव मोठा आहे. खात्री करायची असेल तर तोच नमुना गाळून आणि न गाळता, दोन्ही प्रकारे तपासून घ्यावा.

तंतू का वाढले याची तीन कारणे आपल्याकडे एकत्र आलेली दिसतात. भार दुप्पट झाल्यामुळे टाकीत विरघळलेला प्राणवायू कमी पडतो. समतोल टाकीतून आंबलेले, आम्लधर्मी पाणी येते. तिसऱ्या कारणाकडे फारसे लक्ष जात नाही. सूक्ष्मजीवांना १०० भाग बीओडीमागे ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागते. दुधात साधारण ३.३ टक्के प्रथिने असतात, त्यातून लिटरमागे ५ ग्रॅमच्या थोडे वर नत्र मिळते आणि स्फुरद जवळपास १ ग्रॅम असते. म्हणजे १०० ग्रॅम बीओडीच्या दुधात हे प्रमाण जवळजवळ नेमके जमलेले आहे. पनीर करताना केसिन, म्हणजे दुधातील मुख्य प्रथिन, पनीरमध्ये निघून जाते, व्हेमध्ये दुग्धशर्करा उरते आणि प्रथिने अर्धा-पाऊण टक्का. नत्र लगेच १०० मागे ३ च्या आसपास येते. शर्करा भरपूर आणि नत्र तोकडे, ही परिस्थिती तंतुमय जिवाणूंना मानवते.

काही ठिकाणी यावर युरिया आणि डीएपी टाकायला सांगतात. व्हे बंद झाल्यावर त्याची गरज राहणार नाही, आणि अंदाजाने टाकलेला युरिया पुढे अमोनिया म्हणून बाहेर पडतो. तंतू तातडीने कमी करण्यासाठी परत जाणाऱ्या स्लजमध्ये मोजून सोडियम हायपोक्लोराइट देतात, पण तो तात्पुरता इलाज आहे आणि मात्रा चुकल्यास उपयोगी जिवाणूही मरतात.

एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात, त्यामुळे निकाल हाती येईपर्यंत टाकीत दुसरेच पाणी असते. रोजच्या नियंत्रणासाठी सीओडी, म्हणजे रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज, पाहावा, तो काही तासांत मिळतो. मोजपात्राची चाचणी प्रत्येक पाळीत करावी. तिला खर्च नाही.

जलाभियंता

ताईंनी आंबलेल्या पाण्याचा उल्लेख केला, तो धागा पुढे नेतो. समतोल टाकीत हवा सोडलेली आहे का? बहुतेक लहान प्रकल्पांत ती निव्वळ साठवण टाकी असते. दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल व्हायला उन्हाळ्यात काही तास पुरतात. पीएच ४.६ कडे सरकला की केसिन साकळते, त्याचे गोळे तळाशी बसून कुजतात आणि मग ब्युटिरिक आम्लाचा तो वास सुटतो. टाकीत मोठ्या बुडबुड्यांची हवा सतत सोडून पाणी ढवळत ठेवले, तर निम्मा वास तिथेच जातो.

सीआयपीचे, म्हणजे यंत्रे न उघडता आतून रसायनांनी धुण्याचे, वेळापत्रकही द्यावे.

माळरान

हवा नाही. पूर्वी एक मिक्सर होता, तो नादुरुस्त आहे. सीआयपी रात्री अकरानंतर एकामागून एक होते. कॉस्टिक सोडा दीड टक्का, ७५ ते ८० अंशांना, आणि त्यानंतर नायट्रिक आम्ल. दोन्ही फॅट ट्रॅपमधूनच पुढे जातात. पीएच रात्री ११ च्या वर आणि सकाळी ४.५ च्या आसपास अशी नोंद आहे.

जलाभियंता

तर मग फॅट ट्रॅप असून नसल्यासारखा आहे. दुधातील फॅट ४० अंशांपर्यंत पूर्ण वितळते. ८० अंशांचे पाणी ट्रॅपमध्ये आले की वर साचलेला थरही पातळ होतो, आणि कॉस्टिक त्यातील काही फॅटचा साबण करून ते पाण्यात मिसळवते. ट्रॅपमध्ये अडलेले फॅट रात्रीच्या सीआयपीने पुढे ढकलले जाते. एअरेशन टाकीवरचा पांढरा फेस काही अंशी याचाच असावा.

उपाय असा : सीआयपीचे वापरलेले कॉस्टिक आणि आम्ल ट्रॅपला वळसा घालून एका स्वतंत्र टाकीत घ्यावे. तेथे दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी उदासीन करतात, त्यामुळे चुना आणि आम्लाचा वेगळा खर्च वाचतो, आणि थंड झाल्यावर ते पाणी दिवसभर थोडे थोडे समतोल टाकीत सोडता येते. शक्य असल्यास कॉस्टिकचे द्रावण पुन्हा वापरण्याची टाकी बसवावी. अनेक प्रकल्पांत प्रत्येक वेळी नवे द्रावण करून जुने फेकले जाते, ही उधळपट्टी आहे. एवढे करूनही तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत येत नसेल, तरच विरघळलेल्या हवेच्या तरंगण यंत्रणेचा, म्हणजे डॅफचा, विचार करावा. त्यात चार ते सहा बार दाबाखाली हवा पाण्यात विरघळवून सोडतात आणि बारीक बुडबुडे फॅटला वर आणतात. यंत्रणा चांगली आहे, परंतु तिला रसायने, पीएचचे नियंत्रण आणि जाणता चालक लागतो.

गोबरगॅसप्रेमी

सर्वजण व्हे बाहेर काढा म्हणत आहेत, पण त्यातील ऊर्जेचा विचार कुणी केला नाही. व्हेचा सीओडी ६०,००० ते ७०,००० असतो. १,६०० लिटरमध्ये १०० किलोंवर सीओडी झाला. एक किलो सीओडी हवेविना कुजवल्यास सिद्धांतानुसार ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर रोज २८ ते २९ घनमीटर मिथेन, म्हणजे व्यावसायिक वापराच्या १९ किलोच्या एका सिलिंडरपेक्षा थोडी अधिक ऊर्जा. हवेविना पद्धतीत स्लजही फार कमी तयार होतो. नेदरलँड्समधील वाखनिंगन येथे गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात यूएएसबी ही हवेविना शुद्धीकरणाची पद्धत विकसित केली, ती भारतात सांडपाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. मग दूधप्रकल्पांनी वीज जाळून बीओडी का संपवायचा?

जलाभियंता

मुद्दा योग्य आहे, आणि रोज लाखो लिटर दूध हाताळणाऱ्या संघांसाठी मी स्वतः तीच शिफारस करतो. २०,००० लिटरच्या प्रकल्पाला मात्र काही अडचणी आहेत. व्हे इतक्या वेगाने आम्ल होतो की मिथेन करणारे जिवाणू मागे पडतात आणि संपूर्ण टाकी आंबते. ते टाळायला अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सावरण्याची पाण्याची क्षमता, सतत राखावी लागते. फॅटमधील लांब साखळीची मेदाम्ले स्लजच्या दाण्यांना चिकटतात, दाणे तरंगून वाहून जातात आणि मिथेननिर्मितीही मंदावते. यूएएसबी सुरळीत चालू होण्यास काही महिने लागतात आणि हे सर्व सांभाळणारा माणूस आपल्याकडे तीन पाळ्यांत हवा. शिवाय हवेविना प्रक्रियेनंतरही बीओडी १०० च्या खाली येण्यासाठी एअरेशन लागतेच.

आपली कल्पना वेगळ्या रूपात उपयोगी पडेल. गोबरगॅसच्या टाकीत शेणात जवळपास तितकेच पाणी मिसळतात. त्या पाण्याचा काही भाग व्हेने बदलला, तर शेणातील अल्कलिनिटी आम्लाला सावरते आणि गॅस वाढतो. ज्या गोठ्यांकडे चालू स्थितीतील मोठी टाकी आहे, त्यांच्याशी बोलून पाहावे. एकदम सर्व पाणी बदलू नये, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी.

काळी_माती

धागा वाचते आहे. बाहेर पडणारे पाणी नक्की कुठे जाते? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात स्वतःच्या जमिनीत सिंचन असे लिहिलेले असते म्हणून विचारते. न्यूझीलंडमध्ये दूधप्रकल्पांचे सांडपाणी कंपनीच्याच कुरणांवर फवारतात, आणि त्याचे दाखले आपल्याकडील चर्चासत्रांत देतात. तिथली जमीन, पाऊस आणि बारमाही गवत यांचा विचार मात्र कुणी करत नाही.

कॉस्टिकमधला सोडियम कोणत्याही ईटीपीत नाहीसा होत नाही. बीओडी २० वर आला तरी सोडियम तेवढाच राहतो. आपल्या काळ्या, चिकण जमिनीत सोडियम साठत गेला की मातीचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. कृष्णाकाठी अतिसिंचनाने चोपण झालेली राने पुष्कळ आहेत, त्यात ही भर नको. माझ्या मते वर्षातून एकदा त्या रानाच्या मातीचा विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून राहिलेला) सोडियम आणि पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचे प्रमाण) तपासून घ्यावा, बीओडीच्या अहवालाइतकेच त्याला महत्त्व द्यावे. कॉस्टिक पुन्हा वापरण्याची जी सूचना वर आली आहे, ती जमिनीच्या दृष्टीनेही सर्वांत मोलाची आहे.

माळरान

पाणी आमच्याच चार एकर उसाला जाते. माती तपासलेली नाही. जमीन काळीच आहे.

काळी_माती

तपासून घ्या, दादा. नमुना वरच्या वीस सेंटिमीटरचा आणि त्याखालच्या थराचा वेगवेगळा काढा. सोडियम वाढलेला निघाला तर जिप्सम टाकण्यापूर्वी निचऱ्याची सोय करावी लागेल, कारण विस्थापित झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून गेला नाही तर जिप्समचा उपयोग नाही.

सहजवाचक

मेक्सिकोतील लागोस दे मोरेनो येथे नेस्लेने २०१४ साली दुधाच्या भुकटीचा कारखाना बाहेरच्या पाण्याविना चालवण्याची व्यवस्था केली. दुधातच ८७ टक्के पाणी असते, बाष्पीभवनाने निघालेले तेच पाणी शुद्ध करून वापरतात. आपल्याकडे असे का होत नाही?

दूधतंत्रज्ञ

भुकटीचे प्रकल्प वाफेचे ते पाणी बॉयलर आणि धुण्यासाठी आपल्याकडेही वापरतात. पिशवीतून दूध विकणाऱ्या प्रकल्पात मात्र दुधातील पाणी पिशवीतूनच घरी जाते, त्यामुळे धागाकर्त्यांना या उदाहरणाचा फारसा उपयोग नाही.

व्हेचे काय करायचे, याबद्दल लिहितो. पावडर करण्याइतके त्याचे प्रमाण नाही, त्यामुळे तो विषय सोडावा. पहिला उपयोग प्रकल्पातच आहे : थोडा व्हे कल्चर घालून आंबवला, तर दुसऱ्या दिवशी पनीर फोडायला सायट्रिक आम्लाऐवजी तो वापरता येतो. यात सर्व व्हे संपणार नाही, पण आम्लाचा खर्च कमी होईल. दुसरा उपयोग पेयाचा. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने व्हेपासून पेये तयार करण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. त्या शिकून घेता येतात, मात्र विक्रीची साखळी असल्याशिवाय त्यात पडू नये. तिसरा आणि आजच सुरू होण्यासारखा मार्ग म्हणजे पशुखाद्य. आधीच्या गोठेवाल्यांनी का बंद केले, हे विचारले आहे का?

माळरान

विचारले. व्हे दुपारी गरम निघतो, आमची गाडी संध्याकाळी उशिरा जात असे, तोपर्यंत तो आंबलेला असे आणि जनावरे तोंड लावत नसत. शिवाय एका गोठ्यात पहिल्याच दिवशी भरपूर पाजल्यामुळे गाई हगवणीने आजारी पडल्या होत्या.

दूधतंत्रज्ञ

दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे. पनीरच्या व्हॅटखाली स्टेनलेस स्टीलची टाकी ठेवून व्हे तिच्यात घ्यावा. प्रकल्पातील थंड पाण्यावर चालणारा साधा प्लेट कूलर जोडून तो १० अंशांच्या खाली आणावा. दूध थंड ठेवण्याची जुनी टाकी, म्हणजे बल्क कूलर, पडून असेल तर त्याहून उत्तम. त्याच दिवशी पोहोचवावा आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. गाईला सुरुवातीला दोन-तीन लिटरच द्यावा आणि आठ-दहा दिवसांत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावा. साधे पाणी आणि कोरडी वैरण समोर हवीच. लोखंडी पत्र्याची दावण आम्लाने गंजते, म्हणून प्लास्टिकचे टब द्यावेत. गाईमागे आठ-दहा लिटर धरले तरी १,६०० लिटरला दीडशे ते दोनशे गाई लागतात. संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्यांतच एवढ्या निघतील, कारण रिकामा टँकर तिकडे जातोच. चक्क्याची निवळी अधिक आम्ल असते, ती यात मिसळू नये. गोबरगॅससाठी ती वेगळी ठेवता येईल.

माळरान

सर्वांचे आभार. दुसऱ्या टाकीचा प्रस्ताव सध्या थांबवला आहे. या महिन्यात तीन कामे हाती घेत आहोत : व्हेसाठी टाकी आणि कूलर, सीआयपीच्या पाण्याला ट्रॅपवरून वळसा, आणि समतोल टाकीत हवा. फॅट-एसएनएफचा ताळेबंद कालपासून सुरू केला आहे. एक शंका राहिली : फुगलेला स्लज सर्व काढून नव्याने शेण घालून सुरुवात करावी का? आमचा चालक तसे म्हणतो.

तपासनीस

नको. व्हे बंद झाल्यावर रोज थोडा स्लज काढत राहा. टाकीतील प्राणवायू २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा आणि मोजपात्राची नोंद करत जा. भार निम्मा झाल्याने तंतू हळूहळू मागे पडतील. दोन-तीन आठवड्यांत आकडा ९५० वरून उतरू लागला नाही, तर एखाद्या चांगल्या चाललेल्या दूधप्रकल्पातून टँकरभर बसणारा स्लज आणून मिसळावा. शेणाने घनपदार्थ वाढलेले दिसतात, पण त्यातला चोथा या कामाचा नाही, आणि तो काढायला पुन्हा वाळवण्याचे वाफेच लागतील.